कानांच्या माळा

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी, कुरणे संपून देवदारांचे रान जिथे सुरू होते तिथे, कंबलपूर नावाचे नगर होते. भद्रसेन राजा तिथल्या गादीवर असताना बोधिसत्त्व त्या नगरात एका कातड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मले. आता कुणी नाक मुरडेल, की बोधिसत्त्व म्हणजे हरीण असावे, हत्ती असावा, गेला बाजार राजाचा अमात्य तरी असावा. कातडी कसली विकतात? पण जन्म काही कुणी बाजारात जाऊन निवडून आणत नाही. आजोबांनी कातडी विकली, वडिलांनी विकली, म्हणून तेही विकत. त्या जन्मी त्यांचे नाव मणिरथ होते.

लांडग्याची आणि कोल्ह्याची केसाळ कातडी खेचरांवर लादून मणिरथ उत्तरेच्या थंड देशांत पाठवीत. तिकडचे श्रीमंत लोक ती अंगरख्यांना आतून शिवून घेत. धंद्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नुसती बोटे केसांतून फिरवली, की जनावर कोणत्या ऋतूत मेले, म्हातारे होते की कोवळे, हे त्यांना बिनचूक कळे.

बाकीचे नगर मेंढ्यांवर जगत होते. तिथल्या घोंगड्यांना दूरदूरची गिऱ्हाइके होती. मेंढ्या म्हटल्यावर लांडगे आलेच. अधूनमधून एखादी मेंढी जाई, मेंढपाळ लांडग्याला चार शिव्या देत, कुत्र्यांना दोन देत, आणि पुन्हा कामाला लागत. मग एका हिवाळ्यात बर्फ फार पडले, रानातली हरणे खाली उतरली, त्यांच्यामागे लांडगे उतरले, आणि मेंढ्यांचा फडशा पडला. मेंढपाळ ओरडत राजवाड्यावर गेले.

भद्रसेन राजा मनाने चांगला होता, पण भारी उतावळा. त्याने तिथल्या तिथे दवंडी पिटवली, की जो कुणी लांडग्याच्या कानांची जोडी आणून देईल त्याला चांदीचे नाणे मिळेल. नाणी काही झाडाला लागत नाहीत. म्हणून त्याने मेंढपाळांवर एक नवी पट्टी बसवली, दर कळपामागे वर्षाला एक मेंढी. लोक तिला लांडगेपट्टी म्हणू लागले. "थोडी कळ सोसा," राजा म्हणाला, "लांडगे संपले की पट्टीही संपेल." मेंढपाळांना ते पटले. तेव्हा कुणालाही पटले असते.

लांडगे धरण्याचे काम व्याधांचे. डोंगराच्या धारेवर त्यांची वस्ती होती आणि कर्कट नावाचा धिप्पाड, तोंडाळ माणूस त्यांचा नायक होता. व्याध भर हिवाळ्यात फासे लावीत, कारण तेव्हाच लांडग्याचे केस दाट असतात. त्यांची एक जुनी शपथ होती. पिल्लांना पाजणारी मादी फाशात सापडली, तर तिला सोडून द्यायचे. वनदेवतेपुढे हात ठेवून प्रत्येक व्याध ही शपथ घेई, आणि ती मोडल्याचे कधी कुणी ऐकले नव्हते.

बक्षिसाची दवंडी झाली आणि राजवाड्यात कान येऊ लागले. राजाने ते वाळवून दोऱ्यांत ओवले आणि त्यांच्या माळा सभागृहाच्या खांबांना टांगल्या. कुणी पाहुणा आला की तो आधी त्या माळा दाखवी. वर्षे गेली तशा माळा वाढल्या. गंमत अशी, की लांडगे काही कमी होईनात. मेंढ्या पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागल्या, आणि लांडगेपट्टी जी बसली ती उठायचे नाव घेईना.

इकडे मणिरथांची मात्र चांदी झाली होती. कान राजाकडे जात आणि उरलेली कातडी त्यांच्याकडे येत. पूर्वी कर्कट एकेका कातड्यासाठी घसा कोरडा होईस्तोवर घासाघीस करी. आता तो गठ्ठे ओसरीवर टाकून म्हणे, "द्या शेठजी, काय द्यायचं ते. आमचं कानांवर भागतं."

एके दिवशी त्यांची पत्नी मंदारा कातड्यांचे ढीग उन्हात घालत होती. ती हसत हसत म्हणाली, "अहो, ही सगळी एवढी एवढीशीच कशी हो? लांडग्यांना आईबाप नसतात का?"

"मऊ असतात अगं, गिऱ्हाइकाला आवडतात," मणिरथ म्हणाले.

"मी मऊपणाचं नाही विचारलं."

ते ओशाळले. त्यांनी ढिगात हात घातला आणि एकेक कातडे बोटांखालून जाऊ दिले. सारी वसंतातली, सारी कोवळी. हिवाळ्यातले दाट केसांचे एकही कातडे त्या ढिगात नव्हते. हे त्यांच्या बोटांना कधीच कळले होते. त्यांनी स्वतःला कळू दिले नव्हते. मातीमोलाने घरी येणाऱ्या मालाला कोण प्रश्न विचारतो?

त्याच सुमारास राजाने जाहीर केले, की लांडगे आवरत नाहीत त्या अर्थी बक्षीस कमी पडत असणार. येत्या सभेत बक्षीस आणि पट्टी दोन्ही दुप्पट करू. दुसऱ्या दिवशी सोमा नावाची मेंढपाळीण मणिरथांच्या दारात आली. नवऱ्यामागे तिने एकटीने कळप सांभाळला होता. आपल्या प्रत्येक मेंढीच्या कानात ती निळ्या लोकरीचा गोंडा बांधी, म्हणून तिच्या मेंढ्या कुणीही लांबून ओळखे.

"श्रेष्ठी, उरलेल्या मेंढ्या घेता का? मारा, कातडी काढा, काय करायचं ते करा," ती म्हणाली. "लांडगा नेतो, वर महाराज नेतात. आता दुप्पट नेणार. आमची सगळी वस्ती खाली मैदानात मजुरीला चालली आहे. मी एकटी इथे राहून काय वाऱ्याला चारू?"

 सोमा पुढे म्हणाली, "आणि यंदाचा लांडगा तर फारच शिकलेला निघाला हो. मेंढवाड्याची आगळ काढून आत येतो, मेंढी नेतो, आणि जाताना आगळ पुन्हा लावून जातो!" ती हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने पदराने ते रागारागाने पुसले.

"सभा होईपर्यंत एकही मेंढी विकू नका," मणिरथ म्हणाले. "माझ्यासाठी एवढं करा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते डोंगर चढू लागले. व्याध कोणत्या घळीतून माल आणतात, हे त्यांना साधारण ठाऊक होते. देवदारांच्या मुळांखाली त्यांना गुहेचे तोंड दिसले. तोंडाशी एक लांडगीण पडली होती. वयाने मोठी होती, तिचा डावा कान टोकापासून मुळापर्यंत फाटलेला होता, आणि अंगाने ती चांगली गुबगुबीत होती. तिच्यापुढे अर्धी खाल्लेली मेंढी पडली होती. मेंढीचा मागचा पाय दोरीने मुळाशी बांधलेला होता, आणि कानात निळा गोंडा होता.

लांडगिणीने मान उचलून त्यांच्याकडे पाहिले. ती पळाली नाही, गुरगुरलीही नाही. माणसाने खाणे घेऊन यावे, याची तिला सवय झालेली दिसत होती. गुहेतून पिल्लांची कुईकुई ऐकू येत होती. 

"अहो शेठजी! तुम्ही इकडे कुठे?" मागून कर्कटाचा आवाज आला. तो लपलाही नाही की गडबडलाही नाही. "बघितलीत आमची म्हातारी? दर वर्षी इथेच विते. पिल्लं जरा मोठी झाली, की आम्ही काढून घेतो."

"हिला खायला कोण घालतं?"

"आम्हीच. नाही घातलं तर ती घळ सोडून जाईल, मग कुठे शोधत फिरायचं? आणि बक्षिसाला लहान काय, मोठं काय? कान तो कान."

"मेंढी सोमाची आहे, कर्कटा. आणि तुमची शपथ?"

"शपथ पाळतोच की!" कर्कट खरोखरच दुखावला. "पाजणाऱ्या मादीला आम्ही हात लावतो का? उलट पोसतो."

 ज्या शपथेने आईला जगवायचे, तीच शपथ आता पिल्लांचे पीक काढायला कामी येत होती, आणि हे त्या माणसाच्या ध्यानातही येत नव्हते. मणिरथ म्हणाले, "तुझ्या बापाने असं कधी केलं नसतं."

आता कर्कट भडकला. "बापाचं नाव काढू नका. हिवाळ्यात फासे लावताना माझ्या भावाच्या हाताची बोटं बर्फात झडून गेली. तेव्हा त्या कातड्याला तुम्ही काय भाव दिला होता, आठवतं का? चार पायल्या धान्य! तुम्ही पोटभर भाव दिला असता, तर मी कशाला लांडग्यांना मेंढ्या चारत बसलो असतो?"

 मणिरथांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "खरं आहे तुझं."

कर्कटाला वाटले, शेठजी वळणावर आले. त्याने आवाज खाली आणला. "उद्या सभेत महाराज तुम्हालाच विचारणार. बक्षीस दुप्पट करा म्हणून सांगा. मग कातड्याचे तुमच्याकडून दमडीही घेणार नाही. झालं?"

घरी येऊन मणिरथांनी मंदारेला सगळे सांगितले. ती निवडत असलेले धान्य तसेच ठेवून ऐकत राहिली.

"बोललो तर धंदा बसला म्हणून समज," ते म्हणाले.

"आणि नाही बोललात तर?"

"तर आपल्याला काही कमी पडणार नाही."

"मग माझ्याकडे बघून जेवत जाऊ नका," मंदारा म्हणाली आणि पुन्हा धान्य निवडू लागली. मणिरथांना हसू आले. छातीवरचा धोंडा उतरला. काय करायचे ते त्यांचे आधीच ठरले होते. आता घरानेही ते ठरवले.

सभा गच्च भरली होती. एका बाजूला व्याध उभे होते, दुसऱ्या बाजूला मेंढपाळ, आणि त्यांच्यात सोमा. खांबाखांबांवर कानांच्या माळा लटकत होत्या. राजा म्हणाला, "मणिरथ, लांडग्याच्या अंगावरचा केस न् केस तुम्ही ओळखता. बक्षीस दुप्पट केलं तर लांडगे संपतील ना?"

"महाराज, त्याआधी एक मागणं आहे," मणिरथ म्हणाले. "या माळा खाली काढा आणि मला यातला एक फाटका कान शोधून द्या."

सभेत खसखस पिकली. राजालाही मौज वाटली. सेवकांनी माळा उतरवल्या, अमात्यांनी बाह्या सारल्या, आणि मोठमोठी माणसे मांडी घालून कान चाचपू लागली. बघता बघता हसणे थांबले. सगळे कान गुळगुळीत होते, धड होते, कोवळ्या पानासारखे.

"मोठा लांडगा मादीसाठी भांडतो, शिकारीसाठी भांडतो, काटेरी झुडपांतून धावतो," मणिरथ म्हणाले. "धड कानाचा म्हातारा लांडगा मी आजवर पाहिला नाही. महाराज, एवढ्या वर्षांत आपण लांडगे मारलेलेच नाहीत. आपण पिल्लं विकत घेतलीत. त्यांच्या आया रानात पोसल्या जात आहेत, आणि त्यांना सोमाच्या मेंढ्या चारल्या जात आहेत. निळा गोंडा मी काल या डोळ्यांनी पाहिला."

कर्कटाच्या तोंडचे पाणी पळाले. मेंढपाळांत एकच गलका उठला. मणिरथांनी हात वर केला. "थांबा, अजून संपलं नाही. मेंढपाळ पट्टी भरतात, पट्टीतून नाणी येतात, नाण्यांसाठी व्याध पिल्लं काढतात, आणि मातीमोलाची कातडी माझ्या खेचरांवर चढतात. मला ते समजत होतं, आणि मी मूग गिळून बसलो. या राज्यातल्या सगळ्या लांडग्यांनी मिळून खाल्ल्या नसतील, एवढ्या मेंढ्या मी एकट्याने खाल्ल्या आहेत."

"म्हणजे माझ्या मेंढ्या तुमच्या खेचरांवर होत्या होय!" सोमा किंचाळली.

"होय, सोमाबाई," मणिरथ म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही.

राजा ताडकन उभा राहिला. आपण पाहुण्यांना काय दाखवत होतो हे ध्यानात येऊन तो संतापाने लाल झाला होता. "या व्याधांचे कान कापा! एकूणएक! आणि याच दोऱ्यांत ओवा!"

शिपाई पुढे झाले. कर्कट धिप्पाड होता, पण आपसूक त्याचे हात कानांवर गेले. तेवढ्यात मणिरथ शिपायांच्या आणि त्याच्या मधे येऊन उभे राहिले. त्यांनी डोईचे पागोटे काढून जमिनीवर ठेवले आणि केस मागे सारले.

"पहिली जोडी माझी घ्या," ते शांतपणे म्हणाले. "नफ्यात पहिला वाटा माझा होता. शिक्षेत मागे राहणं मला शोभणार नाही."

शिपायाने सुरी उपसली आणि राजाकडे पाहिले. राजाने मणिरथांकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर ना भीती होती ना मिजास. माणूस नुसता उभा होता. 

सोमा पुढे आली. "महाराज, मेंढ्या माझ्या गेल्या, म्हणून मी बोलते. यांचे कान कापून माझी एक तरी मेंढी उठून चारायला जाणार आहे का? आणि या घरात कानांची काही कमी आहे का हो?"

राजा मटकन सिंहासनावर बसला. त्याने विचारले, "मग मी करू तरी काय?"

"मेलेल्या लांडग्याचे दाम देणं बंद करा," मणिरथ म्हणाले, "जिवंत मेंढीचे द्या. लांडगा कुठून येतो, कशाला भितो, हे व्याधांइतकं कुणाला कळतं? त्यांना कळपांबरोबर राखणीला पाठवा. शरदात कळप खाली उतरले, की जितक्या मेंढ्या धड परत येतील तितक्यांमागे त्यांना दाम मिळू दे. मग लांडगा वाढवून त्यांना काही मिळणार नाही, आणि लांडगा मारायची गरजही पडणार नाही. त्याला आयतं मिळेनासं झालं, की तो आपल्या हरणांमागे वर निघून जाईल. पहिल्या वर्षीचे दाम मी भरतो. वखारीतली सगळी कातडी विकून गेलेल्या मेंढ्याही भरून देतो. आणि यापुढे मी कातड्याला हात लावणार नाही."

राजाने लांडगेपट्टी तिथेच रद्द केली. कर्कट अजून कानांवर हात ठेवून उभा होता. मणिरथांनी पागोटे उचलून झटकले आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्या भावाच्या बोटांचं मी देणं लागतो. ते या हिशेबात नाही, वेगळं." तो धिप्पाड माणूस तिथेच हुंदके देऊन रडू लागला.

त्या उन्हाळ्यात व्याध कळपांबरोबर वर गेले. त्यांनी मेंढवाड्यांभोवती शेकोट्या पेटवल्या, लांडग्यांच्या वाटांवर माणसाच्या घामाची फडकी बांधली, आणि सोमाच्या शिव्या खाल्ल्या. कारण तिने काही इतक्या लवकर त्यांना माफ केले नव्हते. शरदात कळप खाली उतरले, तेव्हा सगळे नगर वेशीवर जमले होते. सगळ्यांच्या पुढे सोमाचा कळप होता, निळे गोंडे हलत होते, आणि एक लंगडे कोकरू खांद्यावर घेऊन कर्कट चालत होता.

"सांभाळून रे, मेल्या! पाडशील त्याला!" सोमा मागून ओरडली.

"पाडीन कशाला? त्याचेही दाम मिळणार आहेत मला," कर्कट म्हणाला, आणि त्याने कोकराला आणखी घट्ट धरले.

वेशीपाशी मणिरथ उभे होते. ते आता घोंगड्या विकत, आणि पहिल्याइतके श्रीमंत राहिले नव्हते. कर्कटाने त्यांना डोंगराकडे बोट करून दाखवले. धारेवर ती फाटक्या कानाची लांडगीण उभी होती, जरा वाळलेली. तिच्यामागे या वर्षीची पिल्ले होती, चांगली उंच झालेली. बक्षिसाची दवंडी झाल्यापासून तिची पिल्ले पहिल्यांदाच एवढी वाढली होती. तिने खाली मेंढ्यांकडे एकवार पाहिले आणि ती पिल्लांना घेऊन रानात शिरली. राजाने त्या कानांच्या माळा रानात नेऊन स्वतःच्या हाताने पुरल्या.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, विहारात एका वैद्याला सांगितली. एका गृहस्थाच्या पायातला काटा त्या वैद्याला पहिल्याच दिवशी सापडला होता, पण रोज मलमाचे दाम मिळावेत म्हणून त्याने तो काढलाच नव्हता. गृहस्थाचा पाय काळा पडू लागला आणि त्याचा तापट भाऊ मारायला उठला, तेव्हा वैद्य घाबरून शास्त्यांकडे आला. खरे सांगितले तर लोक आपल्याला गावात राहू देणार नाहीत, म्हणून तुम्हीच मध्यस्थी करा, अशी त्याची विनवणी होती.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची सोमा म्हणजे तुझ्यावर भरवसा ठेवून रोज पाय पुढे करणारा तो गृहस्थ. भद्रसेन राजा म्हणजे आज तुला मारायला उठलेला त्याचा तापट भाऊ. व्याधांचा नायक कर्कट म्हणजे तू. आणि मणिरथ म्हणजे मी. त्या जन्मी तुझ्या वाटचं मी बोललो आणि तुझे कान वाचले. या जन्मी तुझं तुलाच बोलावं लागेल."

 वैद्याने शास्त्यांना वंदन केले, पिशवीतला चिमटा आहे ना ते चाचपून पाहिले, आणि तो झपाझप त्या गृहस्थाच्या घराकडे चालू लागला.

आपले नुकसान होणार हे पक्के ठाऊक असूनही जे तोंडातून बाहेर पडते, त्या खरेपणाला सत्यपारमिता म्हणतात.